डाव्या हाताने सुटणारं टायर

कोणाचीही सायकल दिसली की काका आधी तिचं टायर अंगठ्याने दाबून बघत, मग मालकाच्या तोंडाकडे. "पेचकस घालून काढता ना? ट्यूबचे हाल होतात. जोर नको, जागा करा." हे काका आमचे शेजारी, झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर.

मी तेव्हा सीपरी बाजारातल्या घरून सदर बाजारच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले होते. वडिलांची अट होती, रस्त्यात पंक्चर होऊन अडकलीस की दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद. टांग्याचा नेम नसे, त्यामुळे सायकल बंद म्हणजे नोकरीच बंद. आणि टायर उतरवण्याइतका जोर माझ्या बोटांत नव्हता. हे कळलं आणि काकांच्या डोक्यात भुंगा शिरला.

त्यांनी स्वतःच्या टायरच्या कडेतली तार ताणून जरा सैल केली. टायर दोन बोटांनी सुटलं. त्याच खुशीत ते भाजीला निघाले, आणि सदर बाजाराच्या वळणावर टायर आपणहून सुटलं. ट्यूब अशी फुटली की गोळी सुटली समजून छावणीतले दोन फौजी धावत आले. सायकल खांद्यावर घेऊन परतलेले काका काकूंना म्हणाले, "सुटायला सोपं झालं, एवढं तर कळलं." भाजी अर्थातच आली नव्हती.

मग त्यांनी टायरला हात न लावता युक्ती शोधली. हवा काढायची, टायरची कड चहूकडून रिंगेच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची. व्हॉल्व्हपाशी ती सैल पडते, तिथून अंगठ्याने वर घ्यायची. एका रविवारी ते ओसरीवर दिवसभर हे एकट्या डाव्या हाताने करत बसले होते.

"उजव्या हाताला काय झालं, काका?"

"काही नाही. तुझ्या दोन्ही हातांत मिळून माझ्या डाव्याएवढा जोर असेल, असा अंदाज आहे." आणि चाक माझ्यापुढे सरकवून त्यांनी मला ते शिकवलं.

इतकी माया मला पुढे फार थोड्यांनी लावली.

पुढे काका निवृत्त होऊन भुसावळला मुलाकडे गेले, आणि आठच दिवसांत शाळेच्या वाटेवर माझं मागचं चाक बसलं. पंक्चर बघायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत, हे तुम्ही जाणताच. तुला जमायचं नाही म्हणत एकाने पेचकसही काढला. "हटो बिटिया, तुमसे नईं हुइए."

"रहने दीजिए, भैया."

मी कड ढकलत गेले, व्हॉल्व्हपाशी अंगठे लावले, आणि टायर उतरलं. ठिगळ लावून, हवा भरून मी घंटेच्या आत शाळेत पोचले. संध्याकाळी वडिलांनी माझे काळे हात पाहिले. "रॉकेल लाव, निघेल," एवढंच म्हणाले. सायकल चालू राहिली.

मी काकांना कार्ड टाकलं. उत्तर काकूंचं आलं: "तुझं कार्ड वाचलं आणि हे शेजाऱ्याची धडधाकट सायकल मागून आणून तिचं टायर उतरवायला बसले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, बघा, आमची पोरगी झाशीत असं करते. जेवण थंड झालं, उठत नाहीत."