अक्कांचे दगड

आधीच सांगते, इथे लोक लिहितात ते भुताटकीचे अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. कुणाला काही दिसलं की मी मनात म्हणायची, झोप झाली नसेल. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा असा आग्रह नाही. घडलं तसं लिहिते.

मी मूळची पुण्याची. बेंगळुरूत महादेवपुऱ्यात ऑफिस, कॉम्प्युटरवर थ्री-डी मॉडेल्स करण्याचं काम. राहते जे. पी. नगरमध्ये. माझ्या खालच्या मजल्यावर विमलाक्का आणि त्यांचे यजमान राहायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दोघं निपाणीकडचे. अण्णा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. अक्का शिल्पकार, रीतसर शिकलेल्या, आणि जिभेला धार. त्या कागदातून शिल्पं करायच्या. कात्री नाही, गोंद नाही... एकच अखंड कागद, फक्त घड्या.

स्वतःचं प्रदर्शन मात्र त्यांचं कधी झालं नाही. जयनगरमधल्या एका मोठ्या आर्टिस्टच्या स्टुडिओत त्या वर्षानुवर्षं असिस्टंट होत्या. त्या आर्टिस्टना मी इथे नुसतं 'सर' म्हणते.

दगडांची कल्पना अक्कांची. त्या इथे राहायला आल्या तेव्हा आजूबाजूला माणसापेक्षा उंच काळे खडक होते. सुरुंग लावून ते फोडले आणि त्यावर घरं झाली, आमचं अपार्टमेंटही त्यातलंच. अक्कांना ते खडक कागदात परत उभे करायचे होते. हे त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलल्या होत्या, सरांच्या कानावर जाण्याच्या कितीतरी आधी. सरांना कल्पना आवडली. इतकी आवडली की पुढे ती त्यांचीच झाली.

राखाडी हातकागदाचे तीन दगड अक्कांनी घडवले. हात लावेपर्यंत कागद आहे हे कळायचं नाही. सरांच्या प्रदर्शनासाठी माझं काम डिजिटल भागाचं. सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्यांचं थ्री-डी मॉडेल करायचं, म्हणजे लोक डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घालून दगडाच्या आत फिरू शकतील. तेही छान झालं होतं. अक्का हेडसेट घालून आत उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काढेनातच.

मग त्यांचा आजार निघाला, आणि फार वेळ मिळाला नाही. हॉस्पिटलमध्ये सरांचा विषय काढून मला म्हणाल्या, "भिंतीवर माझं नाव लाव म्हणावं त्याला. त्याच्याएवढ्याच अक्षरात. स्वल्प पण, जरासुद्धा, बारीक चालणार नाही."

सर भेटायला आले तेव्हा हो म्हणाले. अण्णांच्या समोर, अक्कांचा हात हातात घेऊन.

प्रदर्शनाआधीच अक्का गेल्या. आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत लेबल पाहिलं. सरांचं एकट्याचं नाव. मी विचारलं. ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "विमलाचे हात अप्रतिम होते. पण घड्या कुणीही घालू शकतं. काम माझं आहे."

मी भांडले. ते फोन घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसेट तपासायला मी लवकर पोचले. मॅनेजरनं माझ्यासमोर कुलूप काढलं. आत दगड नव्हते. त्यांच्या जागी जमिनीवर तीन राखाडी कागद पसरलेले होते. सपाट.

मी खाली बसून बोटं फिरवली. एकही घडीची खूण नाही. कागदाशी काम करणाऱ्या कुणालाही विचारा — घडी पडली की आतला धागा मोडतो. ओला करा, वजनाखाली ठेवा, रेष राहतेच. हे कागद कधी दुमडलेच नव्हते असे होते.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आम्ही थांबवून थांबवून पाहिलं. रात्रभर कुणी आत आलं नाही. दगड उभे दिसतात... आणि पुढे कागद दिसतात. मधला क्षण सापडला नाही.

मी हेडसेट घातला. आत दगड नव्हता. पायाखाली एक राखाडी सपाट जमीन, बस्स.

सर आले, पाहिलं आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाटलं, अक्का, जिंकलात.

पण दुपारी पाहुणे यायला लागले तसे सर उठले. माइक घेतला. "या शहरानं आपले दगड फोडले," ते म्हणाले. "मी माझे दगड जमिनीला परत करतोय." हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. एक बाई डोळे पुसत होत्या.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गर्दीतून पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि एका कागदावर तळहात ठेवला. लगेच वॉचमन धावला. "सर, मुट्टबेडी. हात लावू नका."

"सरी, सरी... बरं," म्हणत अण्णा उठले.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. अण्णा म्हणाले, "ती चिडली असणार, केतकी. पण तिच्या रागावर पण त्यानं आपलंच नाव घातलं बघ."



आता ते तीन कागद गावोगावच्या गॅलऱ्यांत फिरतात. अण्णांनी एक मागितला होता, सर नाही म्हणाले. मी ही हकीकत दोन-तीन आर्टिस्टना सांगितली. त्यांना वाटलं, मी सरांवर खार खाऊन आहे. आहेच.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या लॅपटॉपवरचं मॉडेलही सपाट झालंय, बॅकअपमधलंसुद्धा. फोटो तसेच आहेत, प्रत्येकात दगड ठणठणीत उभा. त्याच फोटोंवरून मी मॉडेल पुन्हा पुन्हा बनवते. सॉफ्टवेअर एकही चूक दाखवत नाही, सगळे फोटो जुळतात, आणि शेवटी स्क्रीनवर येतो तो कोरा, सपाट कागद. ऑफिसमधल्या हुशार मुलांनाही कारण सापडलं नाही. मला तर नाहीच.

सरांकडून काढून घेतलं हे मी समजू शकते. माझ्याकडून का, अक्का?