फाटकाला फासलेलं ऑइल

बाबा जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. निवृत्त होऊन मांडवीला परतल्यावर गाडीचं ऑइल ते अंगणातच बदलायचे. आधी गाडी फिरवून इंजिन तापवायचं, मग खालचा बोल्ट सोडून काळं ऑइल घमेल्यात उतरवायचं. धार थेंबांवर आली तरी उठायची माझी टाप नसे. "घाई कसली? गळू दे," म्हणायचे. समुद्राची गाज ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. नवा फिल्टर बसला की वाळवी लागू नये म्हणून ते जुनं ऑइल लाकडी फाटकाला फासायचे. केळशीच्या आत्याकडे जातानाची सगळी वळणं त्या फाटकात मुरलीत, असं मला वाटायचं.

बाबा गेले. आता गाडी मी गॅरेजला देतो. तासाभरात चकाचक होऊन येते.

फाटक यंदा वाळवीने खाल्लं.