सात ओळींचा कागद

सिंगापूरच्या अख्ख्या बेटावर, वरची ओळन् ओळ वाचल्याखेरीज सही न करणारा एकच मनुष्य होऊन गेला, आणि तो माझा व्याही होता. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक आता त्यांच्याविषयी निराळेच काही सांगतात. ते खोटे आहे. मी उभे आयुष्य पुण्यात मुलांना इतिहास शिकवला. बनावट हकीकत मला वासावरून कळते.

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली. दोघे रॅफल्स प्लेसला नोकरीला, घर मरीन परेडला, आणि नात ईरा हिच्यावर देखरेख ठेवायला आम्ही दोन विधुर म्हातारे. व्याही साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. संशय हा त्यांचा श्वास होता. एम.आर.टी.तल्या घोषणेवर त्यांचा विश्वास नसे. फलाटावरची पाटी स्वतः वाचल्याशिवाय ते उतरत नसत, आणि चष्मा सापडेपर्यंत दारे मिटत, त्यामुळे आम्ही बहुधा एक स्टेशन पुढे जाऊन परत येत असू. कॉन्डोच्या फाटकावरच्या वहीत सही करण्याआधी ते आदल्या दिवसापासूनच्या नोंदी तपासत, आणि मागे माणसांची रांग लागे. कुरियरवाल्याने काचेच्या यंत्रावर बोटाने सही मागितली, की त्यांचा पहिला प्रश्न, "व्हेअर इज रायटिंग?"

"नो रायटिंग, अंकल. जस्ट साइन, लाह."

"कोऱ्यावर सही? नो!" असे म्हणून ते दार लावून घेत, आणि माझी मुलगी संध्याकाळी कुरियरच्या कचेरीत खेटे घाली.

अशा माणसाला जोन ऑफ आर्क भेटली, ती ईराच्या शाळेच्या नाटकामुळे. ईरा जोन होणार म्हणून मी तिला रीतसर कथा सांगत होतो: एका खेड्यातली शेतकऱ्याची पोर, तिला संतांचे आवाज ऐकू येतात, ती चिलखत घालून फ्रान्सच्या फौजेपुढे उभी राहते, राजपुत्राचा राज्याभिषेक घडवते, पुढे शत्रूच्या हाती विकली जाते आणि एकोणिसाव्या वर्षी जिवंत जाळली जाते. व्याही मध्येच म्हणाले, "मास्तर, ही झाली कीर्तनातली गोष्ट. खटल्याचे कागद कुठं आहेत?"

मला राग आला. इतिहास मला शिकवणारा हा कोण? परंतु त्यांनी वाचनालयातून त्या खटल्याच्या जबान्यांचे इंग्रजी पुस्तक आणवले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचले. एके दुपारी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांमध्ये, कॉफी निवत ठेवून, त्यांनी मला गाठले. "आवाज खरे की खोटे, ते देव जाणे. मी एवढंच विचारतो. हजर असलेले साक्षीदार मागाहून सांगतात, आवाज खोटे होते अशी माघार घेतल्याचा जो कागद पोरीला वाचून दाखवला तो सहा-सात ओळींचा होता. तिनं खाली खूण केली. मग दप्तरात निघाला तो एवढा लांबलचक कसा? कागद बदलला, व्याहीबुवा! आणि तो काही न्यायाधीशानं स्वतःच्या हातानं लिहिला नसेल. कुठल्या तरी कारकुनानं सुवाच्य अक्षरात उतरवला असेल."

"पुढे फेरचौकशीत तो निकाल रद्द झालाच की," मी म्हणालो. "नंतर संतपदही मिळालं."

"जळून गेल्यावर पंचवीस वर्षांनी. तेही आईनं दाद मागितली म्हणून. आणि त्या कारकुनाचं काय?"

हा प्रश्न मी वितंडवाद म्हणून सोडून दिला. माझी ती चूक होती.

नाटकाच्या दिवशी अर्धे मंडळ सभागृहात होते. ईरापुढे भली मोठी गुंडाळी उलगडली गेली, लेखणी हातात दिली गेली, आणि तिसऱ्या रांगेतून व्याही उभे राहून गरजले, "पोरी, खूण करू नकोस! आधी सगळं वाचून घे!"

ईरा मंचावरच रडवेली झाली. "नाना, इट्स ओन्ली अ प्ले, लाह!"

लोक हसले. मग कुजबुजले. त्याच आठवड्यात मंडळात निकाल लागला: म्हाताऱ्याला भ्रम झाला.

भ्रम झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या बाकावर बसून, समोरच्या जहाजांकडे पाहत, त्यांनी मला सांगितले. नोकरीचे पहिले वर्ष. एका निरक्षर बाईला सात ओळी वाचून दाखवल्या, अंगठा घेतला. वरिष्ठांनी सांगितले म्हणून अंगठ्याच्या वरचे कागद बदलले गेले. तीन पाने. "अक्षर माझं होतं," ते म्हणाले. "सुरेख होतं. साहेबांनी कौतुक केलं." बाईची जमीन नव्हे, तिचे मूल तिच्यापासून गेले. त्यानंतर त्यांनी न वाचता एकही सही केली नाही, आणि कोणाला करू दिली नाही.

पुढच्या वर्षी ते साताऱ्याला परतले आणि तिथेच वारले. मंडळाने शोकपत्र तयार केले. सर्वांत वडील म्हणून पहिली सही माझी. चिटणीस घाईत होते. "चारच ओळी आहेत, काका. करून टाका." मी खिशातून चष्मा काढून लावला, चारही ओळी वाचल्या. 'अखेरीस स्मृती हरपलेले निरागस आजोबा,' असे लिहिले होते. मी सही केली नाही. त्याऐवजी हे लिहिले, आणि मंडळाला पाठवण्यापूर्वी ईराला वाचून दाखवले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आजोबा, त्या बाईचं नाव काय होतं?"

जन्मभर मी जगाची उलटतपासणी घेत आलो. त्या बाकावर मात्र एवढे विचारायचे मला सुचले नाही. त्यांना ते नक्की ठाऊक असणार. त्यांच्या सुरेख अक्षरात, तीनही पानांवर ते त्यांनीच लिहिले होते.