गाळलेला कॉलम

“हिवाळा धरलाय ना तुम्ही त्यात? हो किंवा नाही, एवढंच सांग,” इंगर फोनवर म्हणाली. मी कुठलीही सॉफ्टवेअरवाली देते तेच उत्तर दिलं, “चेक करून सांगते.”

“आजच सांग. आणि फोनवर नको, लिहून पाठव. आमच्याकडे लिहिलेलंच धरतात.”

मंगळवारची सकाळ होती. याला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा इंग्लंडमध्ये रीडिंग नावाच्या गावात एका छोट्या कंपनीत नकाशांचं काम करायची. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसनी आधी कुणाकडे जायचं, कुठल्या रस्त्याने जायचं, हे ठरवून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. गिऱ्हाइकं बहुतेक इंग्लंडमधलीच. बाहेरचं गिऱ्हाईक एकच, नॉर्वेतली एक खेड्यांची नगरपालिका, तीही अजून ट्रायलवर. इंगर तिथली नर्सेसची प्रमुख. शांत बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज ताणलेला होता.

तिथला भूगोल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मधे डोंगर. डोंगराच्या अलीकडे समुद्राची लांबच लांब खाडी आणि तिच्या काठावर नगरपालिकेचं ऑफिस, शाळा, दवाखाना, सगळं काही. पलीकडे एक दरी, तिच्यात शंभरेक घरं. साठच्या दशकापर्यंत ही दरी स्वतंत्र पालिका होती. मग सरकारने छोट्या पालिका एकत्र करायचं ठरवलं आणि दरी खाडीला जोडून टाकली. तेव्हापासून पलीकडच्यांची तक्रार एकच: ऑफिसवाले आम्हाला विसरतात. दोन्हींना जोडणारा एक घाट होता. घाटाने गेलं तर पस्तीस मिनिटं, डोंगराला वळसा घालून गेलं तर पावणेदोन तास.

कारभार लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलचा. त्यांच्यातलाच एक मेयर. तिथला मेयर मेंढ्या पाळायचा, आणि मेंढ्यांची कामं आटपून मीटिंगला यायचा असं इंगर कौतुकाने सांगायची. रोजचं काम पगारी मुख्याधिकारी बघायचा, आपल्याकडे नगरपालिकेत असतो तसाच. त्या मुख्याधिकाऱ्याने प्रस्ताव मांडला होता की दरीतलं नर्सेसचं केंद्र बंद करावं आणि अलीकडच्याच नर्सेसनी घाट ओलांडून तिकडे जावं. आधार काय? आमचा रिपोर्ट. त्यात मी लिहिलं होतं, ‘पस्तीस मिनिटं, बारमाही’. गुरुवारी संध्याकाळी कौन्सिल यावर मत देणार होतं. पलीकडचे लोक ओरडत होते की अहो, घाट हिवाळ्यात बंद असतो. मुख्याधिकारी म्हणत होता, कॉम्प्युटरने ते सगळं धरलंय.

कॉम्प्युटरने, म्हणजे मी.

मी पालिकेने ऑगस्टमध्ये पाठवलेली मूळ फाईल उघडली. त्यात रस्त्याचा एकेक तुकडा म्हणजे एकेक ओळ, आणि ओळीत त्याची माहिती: लांबी, रुंदी, वेगमर्यादा, असले तीसेक कॉलम. एवढे लागत नाहीत, म्हणून आधी डेटा साफ करतात. तांदूळ निवडतो ना, तसंच, खडे बाजूला काढायचे. मी अकरा कॉलम ठेवून बाकीचे काढले होते. काढलेल्यांत एक कॉलम जवळजवळ रिकामा होता. हजारो ओळी, आणि टिक फक्त चार ओळींना. मला तो कचरा वाटला होता.

त्या चार ओळी घाटाच्या होत्या. कॉलम होता ‘हिवाळ्यात बंद’.

मी पुण्यात वाढलेली. वरंध घाटात दरड कोसळली की रस्ता बंद, मग महाडला जायचं तर लांबून जा, हे लहानपणापासून बघितलेलं. आणि मलाच सुचू नये की रस्ता अर्धं वर्ष नसूही शकतो? स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

कॉलिन आमचा बॉस. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक बिथरेल म्हटलं की त्याला काही सुचायचं नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की गुरुवार होऊ दे, पुढच्या व्हर्जनमध्ये आपण हे गुपचूप दुरुस्त करू. मी म्हटलं, गुरुवारनंतर तिथलं केंद्रच नसेल. यावर तो म्हणाला की केंद्र ठेवायचं की नाही हे ते ठरवतात, आपण फक्त आकडे देतो. आकडेच चुकलेत, हे मी परत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून एक वाक्य टाईप केलं: ‘आमचे आकडे पालिकेने पुरवलेल्या रस्त्यांच्या संपूर्ण माहितीवर आधारित आहेत.’

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. माहिती संपूर्णच होती, गाळली मी होती. वर त्याने ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलं आणि खाली माझं नाव, माझा ईमेल घातला.

आणि मी ते पाठवलं. उगाच सारवासारव करत नाही. मी घाबरले होते. माझं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं. नोकरी गेली की परमिट जाणार, आणि माझ्या परमिटवर इथे आलेला माझा नवरा समीर, त्याची नुकती लागलेली नोकरीही जाणार. चूक माझी आहे हे लेखी द्यायची हिंमत त्या दुपारी मला झाली नाही. शिवाय मनात म्हटलं, कॉन्फिडेन्शियल लिहिलंय, इंगरशिवाय कोण बघणार आहे?

बुधवारी सकाळी ऑफिसात येऊन मेल उघडला, तर अनोळखी नावाचं पत्र. आर्ने नावाचे एक गृहस्थ, दरीतल्या शाळेचे रिटायर्ड मास्तर. इंग्रजी जुन्या वळणाचं, एकेक शब्द जपून ठेवलेला.

‘मॅडम, तुमचं उत्तर वाचलं. वाक्य व्यवस्थित आहे, पण ते आमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. घाटाच्या तोंडाशी रस्ता अडवायचा एक दांडा आहे. मोठा बर्फ पडला की तो खाली येतो आणि वसंत ऋतू सरेपर्यंत वर जात नाही. तो तुम्ही धरला आहे का? माझ्या बायकोच्या पायाला जखम आहे. नर्स रोज येऊन ड्रेसिंग बदलते. केंद्र बंद झालं तर ती रोज येऊ शकणार नाही, आणि मला माझ्या बायकोला खाडीकाठच्या वृद्धाश्रमात पाठवावं लागेल. आमच्या लग्नाला एकावन्न वर्षं झाली आहेत. कृपया हो किंवा नाही एवढंच कळवा.’

मी तडक इंगरला फोन लावला. माझं पत्र यांच्याकडे गेलंच कसं?

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. पालिकेत येणारं प्रत्येक पत्र एका यादीत नोंदतात, ती यादी रोज वेबसाईटवर लागते, आणि कुणीही त्यातलं पत्र मागू शकतं. आर्नेमास्तरांनी मागितलं, तिने दिलं. मी कॉन्फिडेन्शियलचं विचारलं. ती म्हणाली की वर काय लिहायचं ते तुमच्या हातात असतं, पण काय झाकायचं ते आमचा कायदा ठरवतो, आणि रस्त्याची मिनिटं त्यात बसत नाहीत.

मी यादी उघडली. मधोमध मंगळवारची तारीख, विषय, आणि पाठवणार म्हणून माझं नाव, पुण्याच्या आडनावासकट. वर एका शेतकऱ्याचा गोठा वाढवायचा अर्ज, खाली रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार. त्या दोघांनी निदान खरं तरी लिहिलं असेल, असं वाटून मला माझीच लाज वाटली.

उत्तर लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ऑगस्टमध्ये मी ‘हिवाळ्यात बंद’ हा कॉलम काढून टाकला. पस्तीस मिनिटं फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात पावणेदोन तास. पालिकेची माहिती बरोबर होती. चूक माझी. कालचं माझं पत्र दिशाभूल करणारं होतं. प्रिंट काढली आणि कॉलिनच्या टेबलावर ठेवली.

त्याने दोनदा वाचलं. “हे पाठवलंस तर ते तुझं असेल, कंपनीचं नाही.”

“कालचंही माझंच आहे. खाली माझंच नाव आहे.”

“तुझ्या परमिटचा विचार कर,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

मी जिन्यात जाऊन समीरला फोन केला. त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हटलं, सामान बांधावं लागेल कदाचित. तो म्हणाला, “त्या म्हातारीचं सामान बांधण्यापेक्षा आपलं बांधलेलं बरं. पाठव तू.” मला रडू आलं. जिन्यातच डोळे पुसले आणि वर जाऊन पाठवून दिलं, पालिकेला आणि मास्तरांना. मास्तरांच्या मेलमध्ये सगळ्यात वर एकच शब्द लिहिला: नाही.

गुरुवारी ऑफिसात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. संध्याकाळी घरी समीर बातम्या लावून बसला होता आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. तिकडे काय चाललं असेल हे कळायची काही सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी इंगरचा फोन आला. मेयरने माझं बुधवारचं पत्र मीटिंगमध्ये उभं राहून वाचून दाखवलं होतं. मुख्याधिकाऱ्याने प्रस्ताव स्वतःच मागे घेतला. केंद्र राहिलं. त्याच शनिवारी घाटावर मोठा बर्फ पडला आणि दांडा खाली आला.

आमचं सॉफ्टवेअर त्यांनी ट्रायल संपल्यावर नम्रपणे परत केलं. कॉलिनने मला लेखी वॉर्निंग दिली आणि ठरलेलं प्रमोशन दुसऱ्याला दिलं. काढलं मात्र नाही. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही. नंतर मी नोकऱ्या बदलल्या, पण कानाला खडा लावला तो कायमचा. हजारो ओळींत चारच ठिकाणी टिक दिसली की आता मी आधी विचारते, तिथे कोण राहतं.

आर्नेमास्तरांचा मे महिन्यात एक मेल आला. ‘दांडा आज वर गेला. बायको घरीच आहे.’ बाकी काही नाही.

माझी दोन्ही पत्रं त्या यादीत अजून आहेत, मंगळवारचं आणि बुधवारचं, दोन्ही माझ्याच नावाची. त्या वेळी मी इंगरला धीर करून विचारलं होतं की आता दुसरं आलंय, तर पहिलं काढून टाकता येईल का.

“नाही,” ती म्हणाली. “आम्ही काही काढून टाकत नाही.”