बाराशे पाहुण्यांनी काढलेला रुसवा

ही हकीकत सांगायची मी तीन वर्षं टाळत आलो. वास्तविक टाळण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण ती बाराशे माणसांनी लाउडस्पीकरवरून ऐकलेली आहे. पाटणपासून माधवनगरपर्यंत ज्याला म्हणून कान आहेत, त्याला ती ठाऊक आहे. पण तिच्यातलं एक वाक्य धडधडीत खोटं आहे आणि ते मी बोललेलो आहे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले, दात गेले. हे वाक्य मात्र जागेवर घट्ट आहे. तेवढं उपटून काढावं म्हणून लिहायला बसलो.

मी फौजेत बिनतारी संदेशांच्या खात्यात चोवीस वर्षं काढली. गुप्त निरोप पोटात ठेवण्याबद्दल सरकार मला पगार देत होतं. (आता पेन्शन देतं. हा मजकूर सरकारच्या वाचनात न आलेला बरा.) निवृत्त होऊन पाटणजवळच्या आमच्या गावी आलो आणि लग्नांतून माइकवर बोलायला लागलो. आमच्याकडे नवरदेवाला उशीर झाला तर लोक थांबतात. माइकवाल्याला उशीर झाला तर उठून जातात. कोण आलं, कुठून आलं, कुणाचा कोण लागतो, हे सगळं मांडवाला पुकारून सांगावं लागतं. माझी बायको सुलोचना म्हणते, "आवं, तुमाला माइक कशाला? नुसतं तोंड उघडा, कराडात ऐकू जातंय."

माझा मुलगा दत्ता. त्याला दोन लेकरं. थोरला सागर आणि धाकटं किरण. किरण हे नाव मीच ठेवलं. मुलगा होवो की मुलगी होवो, नाव वाया जायला नको, म्हणून आधीच ठरवून टाकलं होतं. शिवाय मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, म्हणून दोन्ही आणून ठेवले होते. मुलगी झाली असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नासायला नको म्हणून दोन्ही वाटून टाकले. म्हणजे या प्रकरणाची पायाभरणी माझ्याच हातची!

सागरचं लग्न ठरलं तेव्हा किरण पुण्याहून आलं. तिथं ते घरांचे नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरीला. वय चोवीस. मी अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. किरण शेजारी येऊन बसलं, चार शेंगा फोडल्या आणि म्हणालं,

"आबा, मी नॉनबायनरी आहे."

"वा! कायम का कंत्राटी?"

किरण पोट धरून हसलं. मग शेंगा फोडता फोडता नीट सांगितलं. बाई म्हणून जगणं अंगाला बसत नाही, बाप्या म्हणूनही बसत नाही. दोन्हीपैकी कुठल्याच खान्यात आपण पुरते मावत नाही, आणि अशा माणसांसाठी हा शब्द आहे.

"म्हंजे ते टाळ्या वाजवत येत्यात, त्यांच्यातलं?"

"नाही आबा. त्यांची रीत वेगळी, त्यांचे गुरू वेगळे. त्यांनी ते सोसून मिळवलेलं आहे. त्यांचं नाव मी कसं लावू?"

"मग दवाखान्यात दाखवाय लागतंय का?"

"आजार नाही हो तो!"

"मग ह्ये ठरवलं कुणी?"

"तुम्ही गडी आहात, हे कुणी ठरवलं?"

या प्रश्नावर मी पसाभर शेंगा फोडल्या.

"बरं," मी म्हणालो. "मी काय करायचं सांग."

"काहीच करू नका. पप्पांना मी स्वतः सांगणार आहे, लग्न पार पडलं की. घरात, शांतपणे. तोवर कुणाला बोलू नका. आणि मांडवात मला करवली म्हणून पुकारू नका. काहीच म्हणून पुकारू नका."

"चोवीस वर्षं गुप्त निरोप सांभाळल्यात मी," मी छाती काढून म्हणालो.

अख्ख्या घरात किरणनं पहिल्यांदा मला सांगितलं, याचा मला इतका अभिमान वाटला, की हा अभिमान कुणाला तरी सांगावा असं त्याच क्षणापासून वाटायला लागलं. (धोका होता तो इथंच.)

लग्न माधवनगरला, मुलीकडच्यांचं. व्याही अण्णासाहेब म्हणजे गिरणीत जन्म काढलेला माणूस. सुताचा एक धागा तुटला तरी माग थांबवायचा, ही त्यांची सवय. मांडवाच्या तोंडाशी त्यांनी दोन टेबलं लावली होती. एकावर फेटे, दुसऱ्यावर साड्या. वरपक्षाचा गडी आला की फेटा बांधायचा, बाई आली की कुंकू लावून साडी द्यायची. कारभार चोख होता. अशात किरण आलं. केस बारीक कापलेले, साधा कुडता, वर जाकीट. दोन्ही टेबलांच्या बरोबर मधून चालत गेलं आणि तिसऱ्या रांगेत बसलं. डोक्याला फेटा नाही, मांडीवर साडी नाही!

अण्णासाहेब धावत माझ्याकडं आले. "आबा, ते पावणं कुठल्या टेबलावरचं?"

"किरण हाय ते. बसू द्या."

"आवं, बसू द्या कसं? नवरदेवाचं सख्खं भावंड! मान राह्यला की!"

"त्याला मान न्हाई लागत."

हे बोलायला नको होतं. आमच्या मुलखात पाहुण्याला मान नको असेल, तर त्याचा अर्थ एकच होतो: पाहुणा रुसला. आणि रुसवा काढल्याशिवाय पुढचं पान हलत नाही.

अण्णासाहेब साडी घेऊन किरणपुढं गेले. किरणनं हात जोडले, "नको काका. खरंच नको." ते पांढरेफटक होऊन परत आले. "लय मोठा रुसवा हाय. घडीसुदिक मोडून बघितली न्हाई." मग विहीणबाई त्याहून भारीची साडी घेऊन गेल्या. मग त्यांचे दीर फेटा घेऊन गेले. मग तिघं मिळून दोन्ही घेऊन गेले. किरण प्रत्येकाला सांगत होतं, "माझा काही रुसवा नाही हो!"

"बघा," अण्णासाहेब मला म्हणाले, "रुसलेलं माणूस कवा म्हणतंय का, मी रुसलोय म्हणून? ह्यो मुरलेला रुसवा हाय!"

मुहूर्त जवळ आला. अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून आले. भटजी घड्याळ बघत होते आणि सागर अंतरपाटावरून डोकं काढून विचारत होता, "काय झालंय वो?" अण्णासाहेबांनी जाहीर केलं, "नवऱ्यामुलाच्या भावंडाचा रुसवा निघाल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत!"

आणि नेमके त्याच वेळी तालुक्याचे एक पुढारी वीस-पंचवीस माणसं घेऊन आशीर्वाद द्यायला आले. रुसवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "सरा मागं. मी पक्षातनं रुसून गेल्याली लोकं परत आणल्यात, ह्ये काय?" ते थेट तिसऱ्या रांगेत गेले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई... दादा... जे काय असाल ते, पण मागण्या सांगा!"

बाराशे माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. किरणचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता: आबा, काहीतरी करा.

मी केलं.

"मंडळी!" मी माइकवरून गरजलो. "गैरसमज नसावा! किरण रुसलेलं नाही! किरण नॉनबायनरी आहे!"

मांडवात अशी शांतता पसरली, की मागं आचाऱ्याच्या कढईत पुरी फुगल्याचं ऐकू आलं. (दत्ता तिथंच होता. वाढप्यांवर ओरडत होता. तोही गप्प झाला.)

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माइकवाल्याला शांतता सोसत नाही. मी अर्थ सांगायला लागलो. अकरा मिनिटं! अंगणात, शेंगांच्या ढिगापाशी, किरणनं मला जे जे विश्वासानं सांगितलं होतं ते ते सगळं बाराशे माणसांना सांगितलं. सवयीनं मधूनच पुकारतही होतो. "म्हणजे पुरुषही नव्हे आणि स्त्रीही नव्हे... तासगावचे मामा आलेले आहेत, त्यांनी पुढं येऊन बसावं... तर हा आजार नव्हे... वाढप्यांनी पाण्याचं बघावं... ही आतली ओळख आहे!"

मग मांडव बोलायला लागला. पाव तासापूर्वी हा शब्द ज्यांनी ऐकलाही नव्हता, त्यांची त्यावर ठाम मतं तयार होती.

"ह्ये समदं मोबाईलनं झालंय."

"आमच्या मेव्हणीचा दीर तसलाच हाय. भांडी घासतोय."

"ते न्हवं रं गड्या! भांडी मीबी घासतो."

"आपल्यात अर्धनारीनटेश्वर न्हाई व्हय?"

"देवाचं चालतंय. देवाला करवली व्हायचं नसतंय."

पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठून म्हणाले, की हा शब्द आजकाल फार सैल वापरला जातो. नेमका कसा वापरावा, हे विचारल्यावर बसले. आमच्या भावकीतल्या एका कॉलेजकुमारीनं घोषणा केली, "मीपण नॉनबायनरी! आजपासून भाकरी थापणार न्हाई!" तिच्या आईनं जागच्या जागी धपाटा घालून तिला बायनरीत परत आणलं. बाराशे माणसांनी एका शब्दाचा कीस काढला. ज्याचा तो शब्द होता ते माणूस तिसऱ्या रांगेत बसून होतं, आणि त्याला एकानंही काही विचारलं नाही.

शेवटी पुढाऱ्यांनी माझ्या हातून माइक घेतला. "आपल्या तालुक्यातनं पहिलं नॉनबायनरी होण्याचा मान किरणनं मिळवला! घरच्यांच्या कष्टाचं चीज झालं!" टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. अण्णासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? दोनी घ्या की! कमी कशाला?" आणि किरणच्या डोक्याला फेटा, मांडीवर साडी, खांद्यावर शाल आणि हातात नारळ, अशा अवस्थेत सागरच्या डोक्यावर अक्षता पडल्या.

इथवर सगळं सगळ्यांना माहीत आहे. हसून हसून लोक अजून सांगतात. आता न सांगितलेलं.

अक्षता पडल्यावर स्टेजच्या मागं दत्ता आला. किरण तिथंच उभं होतं. दत्ताचे डोळे लाल झाले होते. (तळणीचा धूर असेल, असं मी स्वतःला सांगितलं.)

"आबा, समद्यांच्या म्होरं ह्ये बोलायला तुमाला कुणी सांगितलं?"

आणि चोवीस वर्षं सीमेवर काढलेला हा माणूस पोटच्या पोराला भ्याला.

"किरणनंच," मी म्हणालो. "म्हणालं, तुमीच सांगा माइकवरनं."

हेच ते वाक्य.

दत्ता किरणकडं वळला. "व्हय, किरण? आचाऱ्याला आन् मला एकदमच कळलं. मी कोण लागत न्हवतो व्हय तुझा?"

किरणनं एकदा माझ्याकडं बघितलं. एका शब्दात मला उघडं पाडता आलं असतं. पण पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, डोक्याला फेटा, छातीला 'स्वागतोत्सुक' असा बिल्ला! किरण गप्प राहिलं. दत्ता निघून गेल्यावर नारळ माझ्या हातात देऊन एवढंच म्हणालं, "आबा, अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात. पण सांगायचं माझं होतं."

बापलेकरं दीड वर्ष एकमेकांशी बोलली नाहीत. आणि त्या शब्दामुळं नव्हे! दत्ता महिनाभरातच सुलोचनाला म्हणाला होता, "ते काय असंल ते असू दे, लेकरू माझंच हाय. पण बापाला घरात सांगायचं सोडून माइकवर?" ही तक्रार माझ्या मालकीची आहे. तीन वर्षं ती किरणच्या नावावर चालली आहे. आता दोघं बोलतात, ऊस-पाण्याचं बोलतात, सणावाराला किरण येतंही. पण मध्येच काही बिनसलं की दत्ता म्हणतो, "सांग की. का माइक आणून देऊ?" किरण ऐकून घेतं. मी पेपर वाचतो.

सुलोचनाला मी खरं सांगितलं आहे. ती म्हणते, "आवं, दोन शब्द तर हाईत. मांडवात अकरा मिन्टं बोललासा की!"

"मांडवात बाराशे हुते," मी म्हणतो. "एकटं माणूस समोर असलं की माझा आवाज निघत न्हाई."

गेल्या महिन्यात मात्र मी ठरवलंच. सकाळी गोठ्यात जाऊन म्हशीसमोर चार वेळा म्हणून बघितलं. म्हशीनं माफ केलं. किरण पुण्याला परत निघालं होतं, मोटारसायकल सुरू झाली होती, दत्ताही अंगणात उभा होता. दोघं एका जागी, असा योग पुन्हा येणार नव्हता. मी काठी टेकत पुढं गेलो आणि हात वर केला. किरणनं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं. दत्ता वळून बघायला लागला.

"बोला आबा," किरण म्हणालं. अगदी मऊ आवाजात. त्याला कळलं असावं.

मी घसा खाकरला. आणि तोंडातून शब्द आले,

"मागलं टायर बसलंय."

किरण खाली उतरलं, वाकून टायर दाबला. दत्ताही आला. बापलेकरांनी डोक्याला डोकं लावून टायर दाबून बघितला, पुन्हा पुन्हा दाबला.

"ठणठणीत आहे की, आबा," किरण म्हणालं.

"काय झालं न्हाई टायरला," दत्ता म्हणाला.

दोघंही उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. वाट बघत राहिली.

"मग नीघ की," मी किरणवर खेकसलो, "उगा उशीर कशाला करतंस?"