आधी गूळपाणी

"सलाम! कोण आलं का?"

बाईंनी चपला दाराबाहेर काढायच्या, पदर सावरायचा आणि माझ्या सायबर कॅफेतल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरला ख्रिस्ती माणसं करतात तसा कपाळाशी हात नेऊन सलाम करायचा. मला नव्हे, कॉम्प्युटरला. मग माझ्याकडे वळून विचारायचं, "मालक, कोण आलं का?" जिना चढून लागलेला दम त्या प्रश्नातच विरून जायचा.

तुम्ही त्या वर्षांत रत्नागिरीत असाल तर बाईंना पाहिलंच असेल. निळ्या काठाची सुती साडी, जाड तळाच्या चपला आणि शाळेची घंटा होऊन गेल्यासारखी चाल. मुलींच्या शाळेत त्यांनी हयात घालवली. अर्ध्या गावच्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे अर्ध्या गावचे पुरुषही त्यांना वचकून असायचे. माझी थोरली बहीण त्यांची विद्यार्थिनी, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणायचो.

कॅफे नवा होता. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आंब्याची कलमं, आणि मी मात्र जयस्तंभाजवळ माडीवर तीन कॉम्प्युटर मांडून बसलेला. "कलमं सोडून डबे राखत बसलाय," असं माझे वडील, अप्पा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पोरं नोकरीचे अर्ज करायला यायची, कुणी मस्कतच्या भावाला ईमेल करायचं. अशात एक दिवस बाई आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आमच्या मंडळीचं पान काढायचंय इंटरनेटवर. सुवार्ता सगळ्या जगात सांगा, असं आम्हांला सांगितलेलं आहे. इतकी वर्षं जग लांब होतं. आता तुझ्या माडीवर आलंय म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, खरं. बाईंनी तिथल्या तिथे डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली आणि खुर्ची ओढली.

त्यांची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी घरं, मूठभर. त्यातली तरुण माणसं मुंबईला. नाताळला बाकं भरायची, एरवी चिमण्यांना मोकळं रान. पण बाईंचा उत्साह असा की समोरच्या माणसाला आपण कालपासून झोपलेलो आहोत असं वाटावं. मोडेम किंचाळायला लागला की त्या म्हणायच्या, "घसा बसलाय मेल्याचा. जरा मिठाच्या गुळण्या कर म्हणावं." लाइन लागली की टाळी वाजवायच्या. बाजूला अर्ज भरणारी पोरंही नकळत टाळी वाजवायची.

पहिल्या पानावर काय घालायचं, यावर मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, क्रूस घालू, चर्चचा फोटो घालू. बाई म्हणाल्या, "छे! माणूस कुठून कुठून आलेला असेल. दारात आल्या आल्या उपदेश करणार होय त्याला? आधी गूळपाणी."

मला वाटलं त्या गंमत करतायत. पण मग त्यांनी आपल्या आईची हकिकत सांगितली. आई बायबलबाई होती. म्हणजे पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं घालून पायी गावोगाव फिरायची आणि बायकांना गोष्टी सांगायची. देवरूखच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्या तिनं पालथ्या घातल्या. "पुस्तक क्वचितच कोणी घ्यायचं," बाई म्हणाल्या. "कोणी वादही घालायचं. पण गूळपाणी दिल्याशिवाय एकाही घरानं आईला ओटीवरून उठू दिलं नाही. दुसऱ्या धर्माची म्हणून हात आखडला नाही. आणि आता माझ्या दारात सगळं जग येणार, तर मी त्याला कोरडं बसवू? आईला काय तोंड दाखवू?"

पितळी तांब्या आमच्याच घरून आणला, बशीत गुळाचे खडे ठेवले, फोटो काढून तो कॉम्प्युटरवर चढवला. खाली मराठीत लिहिलं, "या, बसा. आधी पाणी घ्या." त्याच्या खाली इंग्रजीत रत्नागिरीचं नाव आणि ईमेलचा पत्ता. गोष्टी, प्रार्थना, गीतं सगळी आतल्या पानांवर. लग्नपत्रिकांसाठी घेतलेला मराठी फाँट माझ्याकडे होता, त्यात मी सगळा मजकूर झोकात बसवला. पान चढलं तेव्हा बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"दार उघडं आहे ना आता? तू कुलूप लावून घरी गेलास तरी?"

"उघडंच. पान अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर आहे, बाई."

"म्हणजे तांब्या अमेरिकेत?" आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

घरी अप्पांनी आधी डोळे वटारले. "दुकानात हे काय सुरू केलंस? लोक काय म्हणतील?" ते पाहायलाच म्हणून कॅफेत आले, पान बघून म्हणाले, "गूळ जरा काळा दिसतोय." त्यानंतर मात्र गावात कोणी काही बोललं की अप्पाच सांगायचे, "आमचा तांब्या आहे तो. अमेरिकेत असतो."

खरी अडचण आली ती बाईंच्याच माणसांकडून. मंडळीचा कारभार पंच बघायचे. त्यांतले एक काका, निवृत्त हेडक्लार्क, कुठल्याही हवेत कोट घालणारे, माडीवर आले. चष्मा पुसून त्यांनी पान पाहिलं. "हे चर्चचं पान की खानावळीचं? क्रूस कुठाय? मंडळीचा इतिहास कुठाय? पंचांचा फोटो कुठाय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आत आहे सगळं. फोटो नाही तेवढा." शेवटी पंचांनी ठरवलं की ईस्टरपर्यंत थांबायचं. बाहेरचा एक जरी माणूस या पानावरून आला तर पान राहील. नाही आला तर तांब्या काढायचा, आणि पहिल्या पानावर पंच.

तेव्हापासून बाईंचा सलाम जास्तच घाईचा झाला. कोण आलं का? नाही, बाई. बरं, उद्या येईल. मुंबईच्या भाच्याचा ईमेल आला तर त्यांनी तो बाजूला सारला. "हा घरचा. घरच्याला पाहुणा म्हणत नाहीत." मला त्या "नाही" म्हणण्याचा कंटाळा यायला लागला होता, कंटाळा कसला, जिवावर यायचं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र उद्याची खात्री तशीच.

आणि एक दिवस आला! मी मेल उघडला आणि बाई येण्याची वाटही न बघता जिना उतरून त्यांच्या घराकडे पळत सुटलो. त्या भात टाकत होत्या. गॅस बंद करून तशाच आल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती, ती मी मोठ्यानं वाचली.

"मी पूर्णगडचा. मोठ्या जहाजावर कामाला आहे. बंदरात कॉम्प्युटर मिळाला म्हणून रत्नागिरी नाव घालून शोधत होतो तर तुमचं पान लागलं. अक्षरं काही कळत नाहीत, नुसते किडेमुंग्या. पण तांब्या आणि गूळ बघून समजलं की हे आपल्याकडचं कुणाचं तरी घर आहे. आई रत्नागिरीत दवाखान्यात आहे. घरचे फोनवर बरी आहे एवढंच सांगतात. कोणी जाऊन बघून मला खरं सांगाल का?" खाली त्याचं, आईचं आणि दवाखान्याचं नाव होतं.

नुसते किडेमुंग्या! माझा लग्नपत्रिकेचा फाँट फक्त माझ्या तीन कॉम्प्युटरांवर होता. बाकी साऱ्या जगाला आमच्या पानावरचं मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, इतके महिने! मी डोकं धरून बसलो. बाई मात्र उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या.

"अरे, काही वाचता आलं नाही तरी आला! बघितलंस? पाणी बघून आला! ऊठ, स्कूटर काढ."

दवाखान्यात म्हातारी सापडली. पाय प्लास्टरमध्ये, तोंड पूर्ण शाबूत. बाईंनी मुलाचं नाव सांगताच ती उठूनच बसायला लागली.

"त्यानं पाठवलान तुला? माझ्या झिलानं? कुठं हाय तो?"

"बोटीवर आहे. तुमची काळजी करतोय."

"काळजी करतो तर येत का नाय मेला? पाय मोडला माझा, जेटीवर घसरले. ह्या सुनेला म्हटलं, त्याला सांगू नको, तर बघ, इंटरनेटात गेली खबर!"

बाई तिच्या उशाशी बसल्या. तिचं सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का? आमच्या पद्धतीनं करीन हं."

"कर गो बाय. देव काय विचारतो, कुणी सांगितलान म्हणून?" म्हातारीनं डोळे मिटले आणि प्रार्थना संपायच्या आधी तिला झोप लागली. बाईंनी आमेन अगदी हळू म्हटलं.

परत येऊन बाईंनी मला उत्तर सांगितलं: "पाय मोडला आहे, जोडला आहे. बाकी प्रकृती ठणठणीत. तुला शिव्या घालते, त्यावरून ओळख. मी एक दिवसाआड जाऊन बघून येईन." आणि खरोखर त्या जात राहिल्या, आणि प्रत्येक खेपेची खबर जहाजावर जात राहिली.

आता पंचांना दाखवायला पुरावा मिळाला, असं मला वाटलं. मी पत्र छापून काढायला निघालो तर बाईंनी हात धरला. "पाहुणा घरात येऊन आपलं दुःख बोलला. ते चारचौघांत वाचायचं? शोभतं का?" पंचांच्या सभेत त्या एवढंच म्हणाल्या, "आला होता एक." काका म्हणाले, "आम्ही कसं मानायचं?" बाईंनी पत्राचं नावही काढलं नाही. ठरलं, ईस्टरला पंचांचा फोटो काढायचा.

तुम्हांला सांगतो, त्या आठवड्यात बाई माडीवर आल्या, सलाम केला आणि कोण आलं ते विचारलंच नाही. मला फार वाईट वाटलं. खिडकीजवळ बसून त्या तांब्याकडे बघत राहिल्या, मग चपला घालून गेल्या.

ईस्टरच्या सकाळी उपासना संपल्यावर पंच चर्चच्या पायऱ्यांवर ओळीनं उभे राहिले. एप्रिलचा घाम, अंगात कोट. समोर कॅमेरा घेऊन मी. बाई बाजूला बायकांत. मी "हलू नका" म्हणतोय तोच आवारात एक रिक्षा शिरली. तिच्यातून आधी एक कुबडी आली, मग प्लास्टर आलं, मग पूर्णगडची म्हातारी आली, आणि मागून सुकट भरलेली पाटी सांभाळत सून.

"गूळपाणीवाली बाई कुठं हाय?" म्हातारीनं आवारभर आवाज दिला. उत्तराची वाट न बघता ती ओळीच्या टोकाच्या माणसाकडे वळली. ते नेमके काका. "तूच काय इथला मोठा? माझा झिल तुमचा तांब्या बघतो बोटीवरना. त्याच्यापायी ही बाय एक दिवसाआड येऊन बसली माझ्याजवळ. सुकट आणलाय तुमच्या सगळ्यांना. आधी पाणी दे, घसा सुकला."

काका कोटासकट आत गेले आणि पेला घेऊन आले. म्हातारीनं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. त्यांच्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे बघत म्हणाली, "आणि गूळ?"

काका पळाले हो! बाईंचं घर आवाराला लागूनच. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला मी पळताना पाहिलं. बशी घेऊन आले, म्हातारी पायरीवर बसली होती म्हणून तिच्यापुढे वाकले, आणि मी बटण दाबलं. पंचांचा फोटो राहूनच गेला, पुन्हा कोणी विषयही काढला नाही. हा फोटो मात्र तांब्याच्या खाली लागला. बाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळे वाहत होते. "पाहुणा आला," त्या मला म्हणाल्या, "चालत आला!"

पुढे नवी अक्षरं आली, जगात कुठंही मराठी दिसायला लागलं. मी सगळा मजकूर पुन्हा बसवला. बाई म्हणाल्या, "वाचताही येतं आता? छान झालं. पण पाणी वरच राहू दे." मग कुठून कुठून माणसं आली. कोणी प्रार्थना मागायचं, कोणी गीत, कोणी नुसतंच विचारायचं की गूळ कुठला. बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, अगदी शेवटच्या आजारातही खाटेवरून सांगायच्या आणि मी येऊन टाइप करायचो.

बाई गेल्या. काही वर्षांनी आमचं पान फुकटात ठेवणारी कंपनी बंद झाली आणि अमेरिकेतला तांब्याही गेला. कॅफेत आता एकच कॉम्प्युटर उरला होता, खिडकीजवळचा. एका दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. उन्हानं रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस दारात थांबला आणि त्यानं चपला बाहेर काढल्या.

"मी पूर्णगडचा," तो म्हणाला. "बोट सोडली कायमची. बाईंना भेटायचं राहिलं होतं. पान लागत नाय आता."

मी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, धावत घरी गेलो, आईकडून तो पितळी तांब्या मागून घेतला आणि बशीत गूळ. त्यानं खडा तोंडात टाकला, तांब्या उंच धरून पाणी प्यायला, आणि तांब्या हातातच धरून बसून राहिला.

तो गेल्यावर मी त्या कॉम्प्युटरला कपाळाशी हात नेऊन सलाम केला आणि म्हटलं, "बाई, आला होता."