खोतांच्या फोटोपुढचा नारळ

गाववाल्यांनो, आज सकाळचा पंचायतीतला सोहळा बघून आल्यापासून माझं डोकं तडकलंय. जुन्या खोतांच्या फोटोला हार घातला. म्हणे, सरकारी अनुदान घेऊन गावात माडांची पहिली बाग त्यांनीच उभी केली!

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझ्या बाबांनी जांभ्या दगडाच्या जमिनीत कमरेएवढे खड्डे खणले आणि तळाला मीठ नि राख घालून रोपं लावली. आपल्याकडे माड असाच खोल लावतात. पहिलं वर्षभर लांबून त्याचा शेंडासुद्धा दिसत नाही. खोतांनी मात्र रोपं रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसतील अशी वरवर टेकवून ठेवली.

अनुदान कुणाला द्यायचं याच्या तपासणीला घाटावरचे साहेब आले. जीपमधूनच म्हणाले, "इथे तर नुसते खड्डे आहेत."

बाबा म्हणाले, "साहेब, माड खड्ड्यातच आसत. जरा उतरान बघा."

पण साहेबांच्या बुटांना आमची माती कशी लागणार? अनुदान गेलं खोतांकडे. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची रोपं वाळली आणि चुलीत गेली. आमचे माड आजही उभे आहेत.

खोतांच्या त्या थोर बागेतला एक तरी नारळ तुमच्यापैकी कुणी खाल्लाय का? असेल तर सांगा. कारण आज त्यांच्या फोटोपुढे जो वाढवला, तो काल पंचायतीचा शिपाई आमच्या परसातून मागून घेऊन गेला होता.